पाइपचे आटे फाटतात, जोड पाझरतो: डाय बदलण्याआधी काय काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. नवा डायसेट (पाइपवर आटे कापणाऱ्या दातांचा संच) घातला की सुरुवातीचे आटे झकास पडतात, मग पुन्हा तीच रड. आटे खरखरीत, मधूनच शेंडे उडालेले. सॉकेट दोन फेऱ्यांतच अडकतो, नाहीतर उलट सैलसर आत जातो, आणि टेपचे थरावर थर देऊनही जोड पाझरतोच. मग आणखी एक डायसेट मागवला जातो.

डाय बदलून हे थांबत नाही. डायची पाळी येईपर्यंत पाइप कापून झालेला असतो, त्याची बर (कापल्यावर कडेला उरलेली धातूची किनार) काढलेली असते (किंवा राहून गेलेली असते), तो वाइसमध्ये आवळलेला असतो आणि चेसर (डायचे सुटे, दातेरी तुकडे) हेडमध्ये बसवलेले असतात. या चारांत एक जरी चुकलं तरी कोरा डायसुद्धा फाटके आटेच पाडतो, आणि ते पाडता पाडता स्वतःही लवकर बोथट होतो. म्हणून तक्रार काही दिवसांनी परत येते.

खालची सगळी माहिती अर्धा ते दोन इंची काळ्या आणि जीआय (जस्त चढवलेल्या) पाइपसाठी आहे. अवजार कुठलंही असो, हाताचा रॅचेट, हातात धरायची पॉवर ड्राइव्ह किंवा स्टँडवरचं मशीन, कारणं तीच असतात. मापं ५५ अंशांच्या बीएसपी (ब्रिटिश मानकाच्या) टेपर, म्हणजे निमुळत्या आट्याची आहेत. एनपीटीचा, म्हणजे अमेरिकी मानकाच्या आट्याचा विषय पुढे आला आहे.

फसलेलं टोक फेकू नका, आधी ते बघा

तारेच्या ब्रशने कीस झाडा, फडक्याने तेल पुसा आणि टोक उजेडात धरून सावकाश फिरवा. दोष कुठे आहे ते बऱ्याचदा आटाच सांगतो.

एकाच बाजूला आटे खोल आणि समोरच्या बाजूला शेंडे सपाट असतील तर पाइप डायच्या मध्यावर नव्हता. टोक तिरकं कापलेलं असेल, पाइप वाकलेला किंवा वाइसमध्ये चेपलेला असेल, नाहीतर रॅचेटच्या मागची गाइड बुश (पाइप मध्यावर धरणारी बांगडी) चुकीच्या मापाची असेल. शेंडे सगळीकडून सारखेच सपाट पण उतार स्वच्छ असतील तर डाय उथळ लागला आहे किंवा पाइपचा बाहेरचा व्यासच कमी आहे. यात डायचा दोष नाही.

प्रत्येक आट्यावर बरोबर एकाच जागी, पाइपच्या लांबीच्या रेषेत फाटलेलं दिसलं तर ती वेल्डची शिवण आहे. तिथला धातू बाकी पाइपपेक्षा कडक असू शकतो. धारदार डाय तो कापून जातो, बोथट डाय तो उपटतो. शिवण उघडलेलीच दिसली तर तो पाइप बाजूला ठेवा, त्यावर मेहनत करून उपयोग नाही.

एखाद्या आट्याच्या उतारावर फेरीभर सलग ओरखडा असेल तर एका दाताचा टवका उडालेला असतो, किंवा दातावर धातू चिकटून बसलेला असतो. आटे दुहेरी दिसत असतील, पातळ आणि चिरफाळलेले असतील, तर चेसरचा क्रम चुकला आहे. आणि सगळीकडे सारखाच खरखरीतपणा, त्यावर चकचकीत घासल्यासारखे पट्टे दिसले तर तेल कमी पडलंय किंवा धार गेलीय. या दोघांतलं कुठलं, ते किसावरून कळतं. साध्या पोलादाचा कीस वळलेल्या सळसळीत पट्ट्यांसारखा निघायला हवा. भुकटी आणि तुकडे निघत असतील तर धार संशयास्पद. कीस निळसर पडत असेल तर तेल पोचत नाहीये.

खरं काम टोकापाशी आहे

करवतीने कापताना तिरकेपणा हमखास येतो. पाइपभोवती सरळ कडेचा कागद गुंडाळा, त्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर जुळवा आणि कडेने रेघ मारा. कापून झाल्यावर चार बाजूंनी गुण्या लावून बघा. अर्धा इंची पाइपचा बाहेरचा व्यास २१.३ मिमी असतो, म्हणजे टोकात १ मिमीचा तिरकेपणा राहिला तर ते जवळजवळ पावणेतीन अंश होतात. डाय एका बाजूला आधी चावतो आणि पुढचा सगळा आटा त्याच कलाने जातो.

चाकाच्या कटरने टोक काटकोनात कापलं जातं, पण त्याचा वेगळा त्रास आहे. चाक धातू कापतं त्यापेक्षा जास्त बाजूला सारतं. बाहेर एक उंचवटा उठतो आणि आत ओठासारखी बर वळते. एका फेरीला पाव फेरी आवळा, त्याहून घाई केली की बर दुप्पट होते आणि पातळ पाइप गोलाई सोडतो. बोथट चाकाचंही तेच. जास्त बर दिसायला लागली की आधी चाक बदला, रीमरला (आतली बर काढायच्या अवजाराला) दोष नंतर द्या.

आतली बर किती नडते याचा हिशोब सोपा आहे. मीडियम क्लासच्या अर्धा इंची पाइपची जाडी २.६ मिमी, म्हणजे भोक साधारण १६.१ मिमी. आत सगळीकडून १ मिमीचा ओठ राहिला तर भोक १४.१ वर येतं आणि वाहायची जागा जवळजवळ २३ टक्क्यांनी घटते. त्या ओठामागे गाळ धरतो. ओठाचा तुकडा सुटून वाहत गेला तर थेट व्हॉल्व्हच्या सीटमध्ये जाऊन बसतो. वायरिंगच्या कंड्यूटमध्ये (वायर नेण्याच्या नळीत) हीच बर वायरचं आवरण सोलते.

आता उलट बाजू, जिच्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. बर काढायच्या नादात टोक आतून जास्त खाल्लं जातं. बीएसपी टेपरचा आटा टोकाकडे बारीक होत जातो. अर्धा इंची पाइपच्या अगदी टोकाशी आट्याच्या तळाचा व्यास साधारण १८.१ मिमी असतो. भोक १६.१ असेल तर तिथे भिंत उरते जेमतेम १ मिमी. आता लाइट क्लासचा, २ मिमी जाडीचा पाइप घ्या. भोक १७.३ च्या आसपास, म्हणजे उरलेली भिंत ०.४ मिमी. एवढ्याशा भिंतीवर रीमरने आतून अर्ध्या मिमीचा उतार दिला की टोकाची सुरी होते. पहिला आटा चावताना ती दुमडते, फाटते आणि फाटलेला तुकडा डायमध्येच अडकून पुढचे आटे ओरखडतो. दोष डायचा वाटतो, पण सुरुवात रीमरने केलेली असते.

म्हणून नियम एवढाच ठेवा: मूळ भोक परत आलं की थांबा. टोकाची सपाट कडा डोळ्यांना दिसली पाहिजे. मीडियम पाइपला आतला उतार अर्ध्या मिमीच्या आत ठेवा. लाइट पाइपला तर फक्त ओठ काढा, उतार देऊच नका. तपासायला नख आतून बाहेर ओढा. अडकलं तर बर आहे. गुळगुळीत आलं पण कडेवर टोचलं, तर जास्त खाल्लंय.

बाहेरचा उंचवटा सपाट कानशीने काढा, कोपरा हलकाच मोडा. एवढं न केल्यामुळे डाय 'धरतच नाही' असं वाटतं, मग हेडवर जोर दिला जातो आणि पहिले दोन आटे सोलून निघतात.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी कापणं, मग बर काढणं, शेवटी आटे. आटे पडल्यावर शंकूचा रीमर आत दाबला तर उरलेली पातळ भिंत बाहेर फुगते, पुढचे आटे मोठे होतात आणि सॉकेट दोन फेऱ्यांत अडकतो. सुरुवातीला सांगितलेल्या तक्रारीचं हे एक नेहमीचं कारण आहे.

ड्रिलला लावायचे रीमर

षटकोनी दांडीचे शंकू-रीमर आता सर्रास वापरले जातात आणि काम पटकन करतात. तेवढ्याच पटकन टोक बिघडवतातही.

आतल्या कडेवर कंगोरे आले, म्हणजे लहरी उमटल्या, तर वेग जास्त आहे आणि दाब कमी. ड्रिल पहिल्या गिअरवर घ्या, मिनिटाला ३०० ते ४०० फेऱ्यांच्या आत ठेवा आणि दाब ठाम पण स्थिर द्या. लहरी एकदा उमटल्या की त्याच वेगाने पुढे गेल्यास त्या आणखी खोल होतात, कारण रीमरच्या धारा त्याच खाचांवर आपटत राहतात. अशा वेळी ड्रिल बाजूला ठेवून हाताच्या रीमरने दोन-तीन फेऱ्या मारा. सरळ धारांपेक्षा पिळाच्या धारांचा रीमर कमी थरथरतो. मोठ्या पाइपसाठी तोच घ्यावा.

रीमर उलट फिरवू नका. धारेची पाठ घासली जाते आणि टवके उडतात. इम्पॅक्ट ड्रायव्हरला तो लावूच नका, प्रत्येक ठोक्याला धार लोखंडावर आपटते. तांब्याच्या नळीसाठी मिळणारा आत-बाहेरचा गोल डिबरर जीआयवर चालवला की थोड्याच टोकांत बोथट होतो. पातीवर आधी 'पोलादासाठी' लिहिलंय का ते बघा. आणि तुकडा छोटा आहे म्हणून हातात धरून त्यात ड्रिल घालायचं नाही. रीमर अडकला की पाइप मनगटासकट फिरतो. वाइस नसेल तर निदान चेन पान्याने तो बांधून घ्या.

डाय हेड आणि चेसर

एका सेटमध्ये चार चेसर असतात, १ ते ४ आकडे कोरलेले. हेडच्या खाचांवरही तेच आकडे असतात. हे आकडे शोभेसाठी नाहीत. प्रत्येक चेसरचे दात आधीच्या चेसरपेक्षा पाव आटा पुढे सरकवलेले असतात. अर्धा आणि पाऊण इंचाला एका इंचात १४ आटे, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर (पिच) १.८१४ मिमी आणि पाव आटा म्हणजे साधारण ०.४५ मिमी. १ आणि ३ यांची अदलाबदल झाली तर ते दोघंही अर्धा आटा चुकतात: २ नंबरने सोडलेल्या शेंड्यावरच ३ नंबरचे दात येऊन पडतात. निघतात ते चिरफाळलेले दुहेरी आटे. सेट साफ करायला काढला, परत बसवला आणि आटे अचानक खराब झाले, तर सगळ्यात आधी आकडे बघा.

क्रम बरोबर असूनही आटे लहरी येत असतील तर एखादा चेसर तळापर्यंत बसलेला नाही. खाचेत अडकलेला किसाचा एक कण पुरतो. चारही चेसर काढा, खाचा ब्रशने साफ करा, कोरड्या फडक्याने पुसा आणि प्रत्येक चेसर टक् करून बसेपर्यंत आत सारा. चार टोकं आतून एका वर्तुळात आली पाहिजेत. एक जरी मागे राहिलं तरी बाकीच्या तिघांवर भार येतो आणि दात तुटायला सुरुवात होते.

तीन जुने आणि एक नवा असा जुगाड करू नका. झिजलेल्या तिघांच्या वाटणीचं काम नवा एकटा करतो आणि त्याचे दात आधी जातात. पैसे वाचल्यासारखे वाटतात, वाचत मात्र नाहीत.

बदलत्या मापाच्या हेडमध्ये अर्धा आणि पाऊण इंचाला एक सेट लागतो, एक ते दोन इंचाला दुसरा, कारण एक इंचापासून पुढे इंचाला ११ आटे असतात. हेडवरच्या मापाच्या रेघेवर पूर्ण भरवसा ठेवू नका. ती अंदाजासाठी असते, खरं माप फिटिंगने ठरतं. टेपर १ ला १६ (१६ मिमी लांबीत व्यासात १ मिमीचा फरक) असल्यामुळे फिटिंग हाताने एक फेरी जास्त आत जावी असं वाटत असेल तर व्यास एका आट्याच्या सोळाव्या भागाने कमी करावा लागतो. १४ आट्यांना तो ०.११ मिमी, ११ आट्यांना ०.१४ मिमी. म्हणजे सॉकेट दोन फेऱ्या आधीच अडकत असेल तर हेड साधारण पाव मिमीनेच आत घ्यायचंय. एक रेघभर सरकवलं की लगेच सैल बाजूला जातं. केसभर हलवा, टाकाऊ तुकड्यावर आटे पाडा, फिटिंग लावून बघा, मग पुढे जा.

मशीनवर हेड उघडताना मशीन फिरतंच ठेवा. थांबवून उघडलं की जिथे थांबलं तिथे आट्यात पायरी उरते आणि नेमकी तिथूनच गळती वाट काढते.

पकड, ढकल आणि पॉवर ड्राइव्ह

वाइसच्या जबड्यांच्या दातांत जस्त भरून बसतं, मग पाइप घसरतो आणि आट्यांत झटके दिसतात. जबडे तारेच्या ब्रशने साफ करा. घसरतो म्हणून आणखी आवळला की पाइप अंडाकृती होतो. टोकापाशी व्हर्नियर लावून दोन काटकोनी व्यास मोजा. अर्ध्या मिमीहून जास्त फरक असेल तर ते टोक कापून टाका. अर्धा इंची पाइपच्या आट्याची पूर्ण खोली १.१६ मिमी असते, त्यात दोन बाजूंना पाव-पाव मिमीची तफावत आली की चांगला आटा पडणं कठीण.

रॅचेटने काम करताना पाइप वाइसबाहेर वीतभरच ठेवा. लांब ठेवला की तो झुलतो. सुरुवातीला एका हाताचा तळवा हेडवर ठेवून सरळ दाबा आणि दुसऱ्या हाताने दांडा फिरवा. दीड-दोन फेऱ्यांत डाय पकड घेतो, त्यानंतर ढकलणं बंद करा. तो स्वतःच ओढत जातो, तरीही ढकललंत तर आट्यांचे मागचे उतार घासले जातात. डाय नुसताच फिरतोय आणि चकचकीत पट्टा पाडतोय असं दिसलं तर थांबा. रॅचेटची कळ उलटी आहे का, टोकाचा उंचवटा राहिलाय का ते बघा.

बोल्टला आटे पाडताना जशी दर फेरीला अर्धी फेरी मागे घ्यायची सवय असते, ती इथे नको. सुट्या चेसरच्या हेडला किसाला पडायला मोठ्या खिडक्या असतात. उगाच मागे-पुढे केलं की कीस दातांच्या पाठीखाली जातो.

हातातल्या पॉवर ड्राइव्हला एक गोष्ट सक्तीची आहे: आधारदांडा. तो पाइपवर आवळायचा आणि ड्राइव्हचं अंग त्यावर टेकवायचं, म्हणजे उलटा झटका मनगटाऐवजी दांड्यावर जातो. आटे पाडताना आणि डाय उलटा काढताना झटका विरुद्ध दिशेने येतो, म्हणून काढताना दांड्याची बाजू बदलावी लागते. हे विसरल्याने कोपर आणि मनगटं दुखावतात. हेड ड्राइव्हमध्ये खिट्टी लागल्याचा आवाज येईपर्यंत बसवा. अर्धवट बसलेलं हेड डगमगतं आणि तेच डगमगणं आट्यांत उतरतं. हातमोजे ढिले नकोत, बाह्या लोंबत्या नकोत. फिरत्या पाइपजवळ तर सुती हातमोजे मुळीच नकोत.

साध्या ड्रिलला डाय हेड जोडायचे अडॅप्टर मिळतात. पाव-अर्धा इंचापर्यंत, तेही कमी वेगाचं दणकट ड्रिल आणि बाजूचा दांडा असेल तरच ते वापरा. मशीन पाइप मिनिटाला ३६ च्या आसपास फेऱ्यांनी फिरवतं, म्हणजे अर्धा इंची पाइपला कापण्याचा वेग मिनिटाला साधारण २.४ मीटर पडतो. ड्रिलवर ३०० फेऱ्या दिल्या तर तो २० मीटर होतो. त्यात धार जळते, तेल कितीही घाला. बॅटरीचं अवजार असेल तर पूर्ण चार्ज झालेली बॅटरी घ्या. अर्ध्या आट्यात दम सुटला की तिथे हमखास खूण पडते.

तेल

इंजिन ऑइल, ग्रीस, वापरलेलं गिअर ऑइल यांनी काम भागत नाही. आटे पाडायचं गंधकयुक्त कटिंग ऑइल दात आणि पाइप यांच्यामध्ये टिकून राहतं आणि धातूला दातावर चिकटू देत नाही. इतर तेलांची फिल्म त्या दाबाखाली फुटते. पिण्याच्या पाण्याच्या लाइनला मात्र त्या कामासाठी बनवलेलं, पाण्याने धुऊन जाणारं तेल वापरा.

हाताने काम करताना दर दोन-तीन ओढींना तेल द्या, आणि तेल चेसरच्या दातांवर पडलं पाहिजे, पाइपवर नव्हे. मशीनमध्ये तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, ते बदला. तेलाची धार बारीक झाली असेल तर टाकीतली जाळी किसाने भरलेली असते. हे दोन्ही आठवड्याला एकदा बघितलं तरी डायसेटचं आयुष्य वाढतं.

कुठे थांबायचं

पाइपचं टोक चेसरच्या बाहेरच्या तोंडाबरोबर आलं की थांबा. टेपर चेसरच्या रुंदीतच कोरलेला असतो. त्यापुढे गेलात की पाइपच्या टोकाकडचे आटे सरळ पडत जातात, आणि सरळ आट्यांवर फिटिंग कितीही आवळलं तरी घट्ट होत नाही. 'जरा जास्त आटे असलेले बरे' ही समजूत गळतीला आमंत्रण देते.

कामाला येणारी मापं अशी (फेऱ्या म्हणजे फिटिंग आत जाण्याच्या, आधी हाताने, मग पान्याने):

अर्धा इंच: आट्यांची लांबी १३.२ मिमी, हाताने सुमारे साडेचार फेऱ्या, मग पान्याने पावणेतीन.
पाऊण इंच: १४.५ मिमी, हाताने सव्वापाच, पान्याने पावणेतीन.
एक इंच: १६.८ मिमी, हाताने साडेचार, पान्याने पावणेतीन.
सव्वा आणि दीड इंच: १९.१ मिमी, हाताने साडेपाच, पान्याने पावणेतीन.
दोन इंच: २३.४ मिमी, हाताने जवळजवळ सात, पान्याने सव्वातीन.

हाताच्या फेऱ्यांत एक कमी-जास्त चालते. रिंग गेज (आट्याचं माप तपासायची कडी) असेल तर उत्तमच. नसेल तर एक नवं, स्वच्छ फिटिंग खास तपासणीसाठी वेगळं ठेवा आणि त्यावर टेप लावू नका. तेच फिटिंग जोडासाठी वापरायचं नाही.

आटे देखणे, तरी पाणी

सगळ्यात आधी फिटिंगचा प्रकार तपासा. अर्धा आणि पाऊण इंचाला बीएसपी आणि एनपीटी दोन्हींत इंचाला १४ च आटे असतात, म्हणून ते एकमेकांत सुखाने घुसतात. कोन मात्र एकाचा ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०. शेंडे आणि तळ जुळत नाहीत आणि पाणी आट्यांच्या पोटातून गोल फिरत बाहेर येतं. एक इंचापासून एनपीटीला साडेअकरा आटे, म्हणून तिथे दोन-तीन फेऱ्यांतच अडकल्याचं कळतं. अर्ध्या आणि पाऊणला मात्र काहीच कळत नाही. आयात केलेल्या पंपांवर आणि गेजवर हे वारंवार दिसतं. संशय आला तर पिच गेज पुरत नाही, कारण पिच सारखीच आहे. ५५ आणि ६० अंशांच्या पात्या लावून कोन बघा.

एल्बो सरळ रेषेत यावा म्हणून आवळून झाल्यावर पाव फेरी मागे घेणं, हे दुसरं ठरलेलं कारण. टेप किंवा ताग एकदा दाबला गेला की मागे घेतल्यावर परत भरत नाही. पुढे एक फेरी जात असेल तर पुढे न्या, नाहीतर उघडा, साफ करा आणि नव्याने गुंडाळा. टेप आवळण्याच्या दिशेने, पहिला आटा मोकळा सोडून. पहिल्या आट्यावरची टेप पाण्यात लोंबते आणि तुटून वाहत जाते. वीस थरांनी खराब आटा सुधारत नाही, उलट फिटिंगचं तोंड तडकतं.

जोडण्याआधी पाइप उभा धरून हातोडीच्या दांड्याने दोन-चार वेळा ठोका. आत राहिलेला कीस खाली पडतो. जीआयला आटे पाडल्यावर जस्त निघून जातं, म्हणून जोडाबाहेर उघडे राहिलेले आटे तेल पुसून जस्ताच्या रंगाने रंगवा, नाहीतर गंज तिथूनच चढतो.

स्टेनलेस आणि कंड्यूट

स्टेनलेसला साधे चेसर चालत नाहीत, त्यासाठीचे वेगळ्या कोनाचे हाय स्पीड स्टीलचे चेसर घ्या. वेग कमी, तेल भरपूर, आणि मध्ये थांबायचं नाही. थांबलेल्या जागी धातू कडक होतो आणि पुढच्या दाताला तोच तोडतो. पातळ भिंतीच्या स्टेनलेस पाइपला आटे पाडूच नका, तिथे वेल्ड किंवा प्रेस जोड घ्या.

मेट्रिक कंड्यूटचे आटे सरळ असतात, २० आणि २५ मिमीला दीड मिमी पिचचे. त्यावर पाण्याच्या पाइपचा डाय लावला की आटे पडल्यासारखे दिसतात आणि कपलर एकाच फेरीत अडकतो.

डाय खरंच गेला आहे का

वरचं सगळं पाहून झालं तरी आटे फाटत असतील तर चेसर काढा, पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये धुवा आणि खिडकीपाशी धार डोळ्यांच्या रेषेत धरा. चांगली धार चमकत नाही. धारेवर पांढरी बारीक रेघ चमकली तर तो झिजलेला सपाट पट्टा आहे. दाताच्या टोकावर चिकटलेला धातू दिसला तर पितळी ब्रशने काढून एकदा टाकाऊ तुकड्यावर करून बघा, बऱ्याचदा चेसर ठीकच असतो. टवका उडालेला असेल किंवा रेघ सगळ्या दातांवर असेल तर ग्राइंडरवर धार लावायच्या भानगडीत पडू नका. चारही चेसरचा पुढचा उतार अगदी सारखा असावा लागतो आणि हाताने तो साधत नाही. चारही एकदम बदला, आणि काढलेले तारेत ओवून लाल रंग मारून ठेवा, म्हणजे घाईच्या दिवशी कुणी ते परत हेडमध्ये घालणार नाही.